अण्णांच्या खोलीची भिंत

ऑक्टोबर निम्मा सरला आणि अण्णा दुपारचे नाहीसे व्हायला लागले.

नाहीसे म्हणजे घरातच, पण सापडायचे नाहीत. मी घरून काम करत असलो की दुपारी चहा टाकून त्यांना हाक मारायचो. खोलीत नाहीत, हॉलमध्ये नाहीत, मागच्या अंगणातल्या लाकडी डेकवरही नाहीत. थोड्या वेळानं कुठून तरी आपोआप प्रकट व्हायचे आणि "इथंच होतो की" म्हणायचे. सत्तरी ओलांडलेल्या वडिलांना खोदून खोदून विचारायची आमच्याकडं पद्धत नाही, म्हणून मी गप्प बसायचो.

शोध माझ्या बायकोनं लावला. ती युनिव्हर्सिटीच्या लॅबमधून एके दिवशी लवकर आली आणि कपड्यांची बादली घेऊन लाँड्रीच्या खोलीत गेली. तिथं ड्रायरसमोर डेकवरची प्लास्टिकची खुर्ची टाकून, ड्रायरला पाठ टेकवून, डोक्याला माकडटोपी घालून अण्णा बसलेले. ड्रायर घुमत होता.

"अण्णा, इथं काय करताय?"

"कपडे वाळवतोय."

बायकोनं ड्रायरच्या काचेतून आत बघितलं. "आत तर काहीच नाही. कुठले कपडे?"

"अंगावरचे," अण्णा म्हणाले.

संध्याकाळी तिनं हे मला सांगितलं तेव्हा आम्ही दोघंही पोट धरून हसलो. मग तीच आधी हसायची थांबली. "पण मग त्यांच्या खोलीत किती गार असेल रे?"

आमचं घर ट्रॉयमध्ये आहे, अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये. मी गाड्यांच्या ब्रेकसाठी लागणारं सॉफ्टवेअर लिहितो, बायको पुण्याची, ती बॅटऱ्यांवर संशोधन करते. अण्णा सप्टेंबरात आले ते मार्चपर्यंत राहायचं ठरवून. आई गेल्यापासून ते गावाकडं एकटेच असतात. त्यांचे गुडघे दुखतात, म्हणून आम्ही त्यांना खालच्या मजल्यावरची कोपऱ्यातली खोली दिली. स्वतंत्र बाथरूम, मोठी खिडकी, खिडकीतून दिसणारं मेपलचं झाड. अण्णांनी पहिल्या दिवशी खोलीचं दार लावून बघितलं, उघडून बघितलं, पुन्हा लावलं. "कडी चांगली बसतेय," एवढंच म्हणाले.

त्या दाराचं मला काय वाटलं ते सांगायला हवं, नाहीतर पुढचा सगळा खटाटोप कशासाठी होता ते कळायचं नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावात अण्णा पिठाची गिरणी चालवायचे. गिरणी आधी दुसऱ्याची होती, पुढं त्यांनीच ती विकत घेतली, आणि आता भाड्यानं दिलीय. गिरणीच्या मागं आमची एक खोली. मी दहावीला गेलो आणि त्या खोलीतला दिवा उशिरापर्यंत जळायला लागला, तसे अण्णा अंथरूण घेऊन पुढं गिरणीत झोपायला गेले. रिकाम्या पोत्यांवर. दहावी झाली, बारावी झाली, इंजिनीअरिंगच्या सुट्ट्यांमध्ये मी घरी यायचो तेव्हाही ते पुढंच झोपायचे, कारण तोवर त्यांना सवय झाली होती म्हणे. आमच्या घराण्यात मॅट्रिकच्या पुढं गेलेला मी पहिला. मला शिकवणाऱ्या शिक्षकांचे, फॉर्म भरायला मदत करणाऱ्या क्लार्कचे, वसतिगृहातल्या स्वयंपाकिणीचेसुद्धा माझ्यावर उपकार आहेत, आणि ते मी मानतो. पण पोत्यांवर झोपलेला माणूस एकच होता. त्याला एक खोली द्यायची, दार असलेली, एवढं माझ्या मनात फार दिवस होतं.

आणि मी दिली ती खोली अशी की त्यांना ड्रायरपाशी जाऊन बसावं लागत होतं.

दुसऱ्या दिवशी मी जेवताना विषय काढला. "अण्णा, खोलीत गार लागतं का?"

"छे, कसलं गार."

"मग तुम्ही सोफ्यावर का झोपता?" हेही बायकोनंच हेरलं होतं. सकाळी आम्ही उठायच्या आत ते गोधडी गुंडाळून पुन्हा खोलीत जायचे.

अण्णांनी भाकरीचा तुकडा आमटीत बुडवला. "सोफा मऊ हाय." मग जरा थांबून, माझ्याकडं न बघता म्हणाले, "ते तिकिटाचं बघ जरा. दिवाळी झाली की जातो म्हणतो मी. गिरणीच्या भाडेकऱ्याशी बोलायचं राहिलंय."

भाडेकऱ्याशी ते रोज सकाळी फोनवर अर्धा तास बोलायचे. कालच त्यांनी त्याला मुलीसाठी स्थळ सुचवलं होतं.

"खोली गरम झाली तर राहाल?" बायकोनं सरळच विचारलं. पुण्याच्या माणसांना हे जमतं.

"बघू की," अण्णा म्हणाले. आमच्या गावात "बघू की" चा अर्थ नव्वद टक्के वेळा "नाही" असा असतो.

शनिवारी मी त्या खोलीत जाऊन नुसता बसलो. बाहेर वारा होता. खिडकी बंद, तरी पडद्याची खालची कड हळूच हलत होती. बायकोनं उदबत्ती पेटवली आणि खिडकीच्या चौकटीच्या कडेनं धरत गेली. एका जागी धूर सरळ वर जायचा, आणि जरा पुढं नेली की खोलीच्या आत आडवा व्हायचा, कुणी फुंकर मारल्यासारखा.

अण्णा दारात येऊन उभे राहिले. "खिडकीची पूजा चाललीय?"

"वारा कुठून येतो ते बघतोय."

"विचारायचं मला. डाव्या बाजूनं येतो, उजव्या कानात जातो."

मी घरांच्या भिंती दुरुस्त करणाऱ्या तीन-चार लोकांना फोन लावले. सगळे सभ्यपणे बोलले आणि सगळ्यांनी एकच सांगितलं, हिवाळ्याआधीची कामं भरली आहेत, एप्रिलमध्ये येतो. एप्रिलमध्ये अण्णा ड्रायर सोडून कधीच गावी पोचलेले असणार होते. तेव्हा मी इंटरनेटवर व्हिडिओ बघायला बसलो.

इथली घरं लाकडाची असतात आणि बहुतेकांना बाहेरून प्लास्टिकच्या आडव्या पट्ट्या लावलेल्या असतात. लांबून रंगवलेल्या फळ्यांसारख्या दिसतात. त्यांना सायडिंग म्हणतात. खिडकीभोवती आणि कोपऱ्यांना त्याच प्लास्टिकच्या चौकटी असतात. व्हिडिओतला माणूस एका वाकड्या पत्र्याच्या आकड्यानं त्या पट्ट्या पटापट काढत होता. मागची खिडकीभोवतीची फट भरत होता, वर फोमच्या जाड पाट्या ठोकत होता आणि पट्ट्या परत लावून टाकत होता. त्याचे हात स्वच्छ होते आणि तो सारखा हसत होता. त्यानं एक गोष्ट बजावून सांगितली, फार थंडी पडायच्या आत हे करा, गारठ्यात हे प्लास्टिक बिस्किटासारखं तडकतं. म्हणजे हातात दोन-तीन शनिवार-रविवार होते.

शिडी आणि आकडा मला नागपूरच्या मित्राकडून मिळाला. तो माझ्याच कंपनीत आहे आणि त्याच्या गॅरेजमध्ये जगातलं प्रत्येक हत्यार आहे, त्यातलं एकही त्यानं वापरलेलं नाही. याच मित्रानं घर घेताना हातात होकायंत्र घेऊन आमच्या सगळ्या खोल्या फिरून बघितल्या होत्या, आणि ही कोपऱ्यातली खोली वायव्येला येते म्हणून पाहुण्यांसाठी उत्तम, असा निर्वाळा दिला होता. मी तेव्हा त्याचे आभार मानले होते.

"वायव्य म्हणजे वायूची दिशा ना रे?" मी शिडी गाडीतून उतरवताना म्हणालो. "मिशिगनमध्ये हिवाळ्याचा सगळा वारा तिकडूनच येतो. तू माझ्या बापाला वाऱ्याच्या तोंडाशी झोपवलंस."

"अबे, शास्त्र बरोबरच हाय," तो म्हणाला. "वायव्येच्या खोलीतला पाहुणा जास्त दिवस टिकत नाही. म्हणून तर पाहुण्यांची खोली तिथं देतात!"

"हे तू तेव्हा का नाही सांगितलंस?"

"तवा तू सासू-सासऱ्यांसाठी विचारत होतास यार."

बायको मागंच उभी होती. त्या दिवशी त्याला चहा मिळाला, पण बिनसाखरेचा.

अण्णांना मी सांगितलं नव्हतं की त्यांनी मदत करावी. ते आपणहून आले. स्वेटर, त्यावर माझं जुनं जाकीट, माकडटोपी, आणि पायात गावाहून आणलेल्या चपला, मोज्यांवर. मी आकडा पट्टीच्या खालच्या कडेत अडकवला, खाली ओढला आणि सरकवत नेला. कर्र कर्र करत पट्टी खालच्या पट्टीतून सुटली. अण्णा पुढं झाले, त्यांनी पट्टी हातात घेतली, वाकवून बघितली, नखानं टोकरली.

"प्लास्टिक?"

"हो."

"भिंत प्लास्टिकची?"

"बाहेरून प्लास्टिक. आत लाकूड."

"आपल्याकडं भिंत फोडायला घण लागतो," अण्णा म्हणाले. "ही बटाट्यासारखी सोलली की रे. एवढ्या मोठ्या गाड्या बनवता तुम्ही लोक, आणि राहता डब्यात?"

मग खिडकीभोवतीची चौकट काढली. खिडकी आणि लाकूड यांच्यामध्ये माझी दोन बोटं सहज जातील एवढी फट, आणि तिच्यात काहीच भरलेलं नाही. म्हणजे अगदीच काही नाही असं नव्हे. गांधीलमाश्यांचं एक वाळलेलं पोळं होतं, मेपलची पानं होती, आणि घर बांधणाऱ्यांपैकी कुणीतरी चेपून कोंबलेला थंड पेयाचा एक डबा होता. जिथं काचेच्या तंतूंची पिवळी लोकर असायला हवी होती तिथं ती घसरून तळाला बसली होती. वर मोकळी हवा. बाहेर जो वारा, तोच अण्णांच्या उशाशी.

अण्णांनी वाकून त्या फटीत बघितलं. मग डबा बाहेर ओढला, उलटा करून आतली पानं झटकली आणि बाजूला ठेवला. "कामगारानं घाई केली," म्हणाले. त्यांच्या तोंडून कुणा कामगाराला यापेक्षा वाईट शब्द मी कधी ऐकलेला नाही.

फट भरायला डब्यातून फवारायचा फोम मिळतो. नळीतून पांढरा फेस येतो आणि बघता बघता फुगतो. व्हिडिओतल्या माणसानं सांगितलं होतं, थोडाच मारा. मी थोडा मारला, तो थोडा दिसला, म्हणून अजून थोडा मारला. मग आम्ही दोघं उभे राहून बघत बसलो. फेस फटीतून वर आला, चौकटीवर आला, आणि खाली ओघळायला लागला.

"आंबलंय चांगलं," अण्णा म्हणाले. "सोडा घातलाय का?" आणि मी नको नको म्हणेपर्यंत त्यांनी बोटानं तो निपटून काढला.

ते बोट पुढं कितीतरी दिवस तसंच राहिलं. साबण, तेल, बायकोच्या लॅबमधले सल्ले, कशानं कशानं निघालं नाही. अण्णा ते बोट जरा अभिमानानंच मिरवायचे. फोनवर भाडेकऱ्याला व्हिडिओ कॉल करून दाखवलं. "भिंत बांधतोय," म्हणाले. "इथं बांधायला वेळ लागत नाही, बोट सोडवायला लागतो."

मधल्या आठवड्यात मी ऑफिसचं काम करत असताना अण्णा ड्रायरपाशी जायचे बंद झाले. ते बाहेर असायचे. काढलेल्या पट्ट्या त्यांनी धुतल्या, पुसल्या, आणि ज्या क्रमानं निघाल्या त्या क्रमानं गॅरेजच्या भिंतीला टेकवून ठेवल्या. वाकडा झालेला खिळा सरळ करायचा नाही, नवा वापरायचा, हे त्यांना पटवताना मात्र माझी पंचाईत झाली. त्यांनी सगळे सरळ केले आणि माझ्यासमोर ठेवले. मी नव्यांबरोबर तेही वापरले.

पुढच्या शनिवारी फोमच्या पाट्या भिंतीवर बसल्या. सांधे टेपनं बंद केले. खिडकीभोवती लाकडाच्या पट्ट्या ठोकून कड पुढं आणली, कारण भिंत आता जाड झाली होती. मग सायडिंग परत लावायला घेतलं. अण्णा पट्टी धरायचे, मी ठोकायचो.

एक खिळा मारला की अण्णा पट्टी हलवून बघायचे. "सैल हाय."

मी अजून एक ठोका मारायचो.

"अजून एक घाल. थंडी घुसायला जागा ठेवू नको."

गिरणीचा पट्टा सैल पडला की गिरणी नुसती गरगरते, दळत नाही. अण्णांचं सगळं आयुष्य तो पट्टा ताणून ठेवण्यात गेलं. आणि मी तरी काय वेगळा? कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये आमचे मास्तर जोडलेला सांधा हातात धरून जोरात झटकायचे, आणि जरा खुळखुळला की सगळं कामच भंगारच्या पेटीत फेकून द्यायचे. घट्ट म्हणजे चांगलं, हे आमच्या दोघांच्याही हाडात मुरलेलं. आम्ही ती पश्चिमेची भिंत अशी काही ठोकली की एक पट्टी जागची हलेल तर शपथ. रविवारी संध्याकाळी आम्ही अंगणात मागं सरकून, हात कमरेवर ठेवून तिच्याकडं बघितलं. सरळ रेघा. एकही फट नाही. अण्णांनी तळहातानं भिंतीवर थाप मारली, गाईच्या पाठीवर मारतात तशी.

बायकोनं पुन्हा उदबत्ती फिरवली. धूर सरळ वर गेला.

त्या आठवड्यात अण्णा खोलीत झोपले. पण थंडीही जरा ओसरली होती, त्यामुळं भिंतीला किती गुण द्यायचे ते ठरेना. तिकिटाबद्दल ते काही बोलले नाहीत. मी विमानं बघून ठेवली होती. त्यांचं मन नसेल तर जबरदस्ती करायची नाही, असं आम्ही दोघांनी ठरवलं होतं.

दिवाळी आली. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी नागपूरचा मित्र सहकुटुंब फराळाला आला. दुपार अशी निघाली होती की नोव्हेंबर आहे यावर विश्वास बसू नये. वारा पडलेला, लख्ख ऊन. अण्णांनी आग्रह करून सगळ्यांना मागच्या अंगणात नेलं, भिंत दाखवायला. ते पुढं, मागून चिवड्याच्या वाट्या घेतलेली वरात.

कोपरा वळून अण्णा थांबले.

भिंतीवर लाटा आल्या होत्या. मधल्या पट्ट्या खिळ्याखिळ्यांच्या मध्ये फुगून बाहेर आल्या होत्या, आणि तिरप्या उन्हात प्रत्येक फुगवट्याची सावली पडली होती.

मग मित्रानं तोंडातला चिवडा गिळला. "काबे, भिंत पापडावाणी कायले दिसून राहिली? तळलीस काय?"

त्याच्या बायकोनं त्याला कोपर मारलं. माझी बायको फोन काढून तोच व्हिडिओ शोधायला लागली. तिनं तो पुढं सरकवला, शेवटाकडं, आणि आवाज मोठा केला. तो हसरा माणूस सांगत होता की खिळा कधीही घट्ट मारू नका, डोकं जरा वर राहू द्या. उन्हानं हे प्लास्टिक लांबतं, त्याला सरकायला जागा हवी, सायडिंग भिंतीला चिकटवायचं नसतं, टांगायचं असतं.

"तू व्हिडिओ शेवटपर्यंत बघितलास का?" बायकोनं विचारलं.

"शेवटी तो सबस्क्राइब करा म्हणायला लागला म्हणून बंद केला."

"ते तो मध्येच म्हणतो. हे त्याच्यानंतर आहे."

मित्र हसून हसून अंगणात खाली बसला. मलाही हसू येत होतं, पण मी अण्णांकडं बघत होतो. ते भिंतीजवळ गेले, एका फुगवट्यावर तळहात ठेवून दाबलं. पट्टी आत गेली आणि सोडल्यावर टक् करून परत बाहेर आली. ते घरात गेले. पूजेला बसले, आरती म्हटली, पाहुण्यांच्या मुलांच्या हातावर खाऊ ठेवला, सगळं केलं, पण भिंतीचं नाव काढलं नाही. मला खात्री झाली की आता हे जाणार. आधी गारठा, मग हा फजितवाडा. मी मनातल्या मनात तिकिटाची तारीखसुद्धा ठरवून टाकली.

पाडव्याला सकाळी मी त्यांना नमस्कार केला आणि म्हणालो, "अण्णा, तिकिटाचं म्हणत होता..."

"कसलं तिकीट?" अण्णा एकदम म्हणाले. "भिंत अशी वाकडी टाकून जाऊ? गावाकडं कुणी विचारलं तर काय सांगू? पोराच्या घरी गेलो आणि भिंत फुगवून आलो?" माकडटोपी त्यांच्या डोक्यावर आधीच चढली होती. "आकडा कुठं ठेवलास? आण. आज ऊन हाय तवर घेऊ उरकून."

"आज पाडवा आहे अण्णा."

"मग चांगलाच दिवस की."

आम्ही सगळ्या पट्ट्या पुन्हा उघडल्या. ठोकलेला खिळा पुरता न काढता थोडा वर ओढायचा, हे ठोकण्यापेक्षा कठीण काम आहे. आणि अण्णांनी माझ्याकडून अजून एक अजून एक करून घातलेले ते ठोके आता एकेक करून परत घ्यायचे होते. "कुणी मारलाय एवढा घट्ट?" ते अधूनमधून विचारायचे आणि स्वतःच खुसुखुसू हसायचे.

खरी अडचण त्यांना सैल सोडण्याची होती. खिळ्याच्या डोक्याखालून वाऱ्याची झुळूक जाईल एवढी जागा ठेवायची, हे त्यांच्या हाताला मान्यच होईना. "एवढं सैल? रातीला वाजेल की रे."

"वाजू दे थोडं. आतला फोम वारा अडवतो. ही बाहेरची नुसती छत्री आहे."

"छत्री," अण्णा म्हणाले. हे त्यांना पटलं. मग त्यांनी कामच हातात घेतलं. प्रत्येक पट्टी लावून झाली की दोन्ही हातांनी धरून डावीकडं-उजवीकडं सरकवून बघायचे, कपाटाचा खण सरकवतात तशी. सरकली की मान डोलवायचे. नाही सरकली की मला शिडीवर चढवायचे. शेजारचे आजोबा कुत्र्याला फिरवत जाताना थांबले, त्यांनी अंगठा वर केला. अण्णांनी आपलं फोम चिकटलेलं बोट वर केलं. कुत्रं भुंकलं. एवढ्या संभाषणावर दोघं खूश झाले, आणि तेव्हापासून हे रोजच होतं.

पुढं एक-दोन उन्हं पडली. अण्णा मुद्दाम दुपारी जाऊन भिंत बघून यायचे. "सरळ हाय," एवढा रिपोर्ट द्यायचे. मग ऊन संपलं आणि मिशिगनचा हिवाळा आपल्या गतीनं आला. ड्रायरसमोरची खुर्ची बायकोनं उचलून गॅरेजमध्ये ठेवली, कुणी विचारलं नाही. तिकिटाचा विषय मी काढला नाही, आणि अण्णांनीही काढला नाही. त्यांच्या मनात काय आहे हे मला कळत नव्हतं. भिंत सरळ झाली, म्हणजे जायला मोकळे झाले, असाही अर्थ होऊ शकत होता.

डिसेंबरात पहिला मोठा बर्फ पडला. वारा असा की मेपलच्या फांद्या छताला घासत होत्या. सकाळी मी चहाचे दोन कप घेऊन अण्णांच्या खोलीत गेलो. दार ढकललं आणि पायाला गारवा लागला. मी मनाशी म्हणालो, झालं, सगळं फुकट गेलं.

खिडकी उघडी होती. चांगली चार बोटं. खिडकीच्या कडेवर बर्फाची बारीक भुकटी जमली होती. आणि अण्णा पलंगावर मांडी घालून, गुडघ्यांवर गोधडी घेऊन, खिडकीकडं तोंड करून बसले होते.

"अण्णा! खिडकी!"

"उघडली मी."

"का?"

"गरम होतंय लेका. पहाटे अंगावरची गोधडी काढून टाकावी लागली. उकडून निघालो."

"मग मला सांगायचं ना, मी हीटर कमी करतो."

"नको नको, ते राहू दे. गरम चांगलं हाय." अण्णांनी कप घेतला. "पण पार कोंडल्यागत होतं. बाहेर काय चाललंय काय कळत नाही. एवढा बर्फ पडला, मला पत्ताच नाही. उघडली तवा समजलं." त्यांनी खिडकीकडं हनुवटी केली. बाहेर कुणीतरी फावड्यानं रस्ता साफ करत होतं, त्याचा खरवडल्याचा आवाज आत येत होता. शेजारचं कुत्रं भुंकत होतं. "आता बरं वाटतंय."

मी त्या फटीकडं बघत उभा राहिलो. एवढे सगळे शनिवार-रविवार, एवढा फोम, तो आकडा, दोनदा काढलेली भिंत. माझ्यातला इंजिनीअर हिशेब करायला लागला होता, त्याला मी गप्प केलं.

"मार्चला जायचंय ना तुम्हाला?" मी विचारलं. शेवटी तोंडातून निघालंच.

अण्णांनी चहाचा घोट घेतला. "मार्चचं म्हणतोस. मार्चमधी ऊन कुठलं असतंय इथं?"

"फारसं नसतं."

"मग भिंतीचं कसं कळणार? नोव्हेंबरच्या उन्हात फुगली होती ती. जूनचं ऊन लागू दे तिला. मग खरी परीक्षा." त्यांनी कप खिडकीच्या कडेवर, बर्फाच्या भुकटीतच ठेवला. "जूनपर्यंत राहता येतं का बघ. व्हिसाचे काय कागद लागतील ते बघ. सरकार नाही म्हणालं तर जातो मार्चला, त्याला इलाज नाही. तू मात्र लवकर नाही म्हणू नको."

मी "बघतो" म्हणालो, आणि मग घाईनं दुरुस्त करून "करतो" म्हणालो.

बाहेर आलो तर बायको स्वयंपाकघरात स्वेटर घालून उभी. "खाली गार का वाटतंय रे? कुठली खिडकी उघडी आहे का?"

"अण्णांची," मी म्हणालो. "राहू दे. उघडीच राहू दे." आणि हीटरचा थर्मोस्टॅट एका अंशानं वर सरकवला.